सहाशे एक सेकंद

खालच्या सगळ्या वेळा अकोल्याच्या घड्याळाप्रमाणे आहेत. घटना घडल्या लंडनमध्ये, प्रागमध्ये आणि अमेरिकेतल्या एका सर्व्हरवर. पण ज्या सॉफ्टवेअरची ही हकीकत आहे ते तेव्हा टॉवर चौकातल्या सायबर कॅफेपासून तेल्हाऱ्याच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळीकडे होतं. लाल 'सी' आणि त्यावर टेकवलेला झाडू. कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या प्रत्येक पोराच्या पेनड्राइव्हमध्ये ते असायचं. गिऱ्हाईक म्हणायचं, "भाऊ, कम्प्युटर लय हँग मारून राह्यलं." पोरगा म्हणायचा, "सी-क्लीनर मारून देतो काका, दहा मिनिटांत मोकळं." आणि ते मोकळं व्हायचंही. तीन-चार जीबी टेम्प फाइल्स उडाल्याचा आकडा पडद्यावर यायचा, आणि तो आकडा पाहूनच गिऱ्हाइकाला मशीन पळायला लागल्यासारखं वाटायचं.

सुरुवातीला या सॉफ्टवेअरचं नाव 'क्रॅप क्लीनर' होतं. बनवणारी कंपनी लंडनची, पिरिफॉर्म. नोव्हेंबर २०१६ मध्ये कंपनी दोन अब्ज डाउनलोड झाल्याचं सांगत होती, आणि दर आठवड्याला पन्नास लाख नवे लोक येतात असंही. कंपनी जगाच्या मानाने छोटी, आणि तिच्यावर विसंबलेले लोक मात्र कोट्यवधी. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

११ मार्च २०१७, शनिवार, सकाळी १०.३०. उरले १५७ दिवस

अकोल्यात दुसरा शनिवार, बँका बंद. घराघरात टीव्हीवर उत्तर प्रदेशाचे निकाल चालू आहेत. लंडनमध्ये पहाटेचे पाच वाजले आहेत आणि पिरिफॉर्मच्या एका प्रोग्रॅमरच्या टेबलावरचा कॉम्प्युटर चालू राहिला आहे. खुर्चीत कुणी नाही. त्यावर टीमव्ह्यूअर आहे, म्हणजे दूर बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं साधन. आपल्याकडे टॅलीवाला घरबसल्या आपली वही दुरुस्त करतो ते याच साधनाने.

कुणीतरी त्यातून आत येतं. पासवर्ड पहिल्याच प्रयत्नात बरोबर पडतो, म्हणजे तो आधीच ठाऊक होता. त्या माणसाने तोच पासवर्ड दुसऱ्या कुठल्या तरी सेवेसाठी वापरला असावा आणि तिथून तो फुटला असावा, असा तर्क कंपनीने पुढे मांडला. आत आल्यावर घुसखोराची पहिली दोन पावलं फसतात. त्या खात्याला अॅडमिनचे अधिकार नसल्यामुळे घातक फाइली बसत नाहीत. तिसऱ्या खेपेला एका छोट्या स्क्रिप्टच्या आधाराने काम होतं.

अधिकार कमी असलेल्या खात्याने जगातल्या तरबेज चोराला दोनदा अडवलं. आपल्याकडच्या बहुतेक दुकानांत सगळी कामं एकाच खात्यावरून होतात, ते अॅडमिनचं असतं आणि त्याला पासवर्डही नसतो.

१२ मार्च, रविवार, सकाळी ९.३०. उरले १५६ दिवस

संध्याकाळी होळी पेटायची आहे. लंडनमध्ये पहाटेचे चार. घुसखोर पहिल्या मशीनवरून दुसऱ्यावर जातो, तोही रिकाम्या खुर्चीचाच. विंडोजच्या रिमोट डेस्कटॉपमधून दार उघडून तो आपला माल त्या मशीनच्या रजिस्ट्रीत लपवतो. रजिस्ट्री म्हणजे विंडोजची मूळ नोंदवही. ती साफ करून देण्याचा दावा सी-क्लीनर वर्षानुवर्षं करत आला होता. लपायला जागा सापडली ती नेमकी हीच, आणि तीही सी-क्लीनर बनवणाऱ्यांच्याच घरात.

१४ मार्च ते ४ एप्रिल

दोन दिवसांनी पहिल्या मशीनवरही तोच माल बसतो. मग शांतता. ४ एप्रिलला घुसखोर आपल्या खास हत्याराची या कामासाठी वेगळी बांधणी करतात. सुरक्षा क्षेत्रातले लोक पुढे त्याला शॅडोपॅड म्हणू लागले.

१२ एप्रिल, बुधवार. उरले १२५ दिवस

शॅडोपॅड पिरिफॉर्मच्या चार कॉम्प्युटरवर बसतं, आणि पाचव्या, सगळ्यात महत्त्वाच्या जागी: बिल्ड सर्व्हरवर. प्रोग्रॅमर लिहितात तो मजकूर इथे येतो, इथे त्याचं चालणारं सॉफ्टवेअर तयार होतं आणि इथूनच ते कंपनीची डिजिटल सही घेऊन जगात जातं. आता आतल्या लोकांनी कळफलकावर दाबलेली अक्षरंही नोंदली जाऊ लागतात.

याच आठवड्यात, ११ एप्रिलपासून, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नवी आवृत्ती लोकांना द्यायला सुरुवात केली होती. तिच्यात 'स्टोरेज सेन्स' ही सोय आली: जुन्या तात्पुरत्या फाइली विंडोज स्वतःच काढून टाकतं. डिस्क क्लीनअप तर विंडोज ९८ पासून आहे. रजिस्ट्री साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरला आपला पाठिंबा नाही असंही मायक्रोसॉफ्टने लेखी जाहीर केलेलं आहे. या साऱ्या सफाईतला गरजेचा भाग विंडोजमध्ये फुकट होता, आणि उरलेला भाग बहुधा गरजेचाच नव्हता. दोन जीबी रॅमवर अँटिव्हायरस, टॅली आणि बारा टॅबचं क्रोम एकदम चालवल्यावर मशीन हँग होणारच. झाडू मारून रॅम वाढत नाही. पण रॅम टाकायला पैसे लागतात आणि सी-क्लीनर फुकट असतं.

१२ मे. उरले ९५ दिवस

वॉनाक्राय. जगभर कॉम्प्युटर लाल पडद्यावर अडकून खंडणी मागू लागतात. वर्तमानपत्रांतून सल्ल्यांचा पाऊस पडतो आणि त्यातला पहिला सल्ला असतो: सॉफ्टवेअर अपडेट ठेवा. सल्ला योग्यच होता, कारण ते दार बंद करणारा अपडेट दोन महिने आधीच आलेला होता.

२७ जून, मंगळवार. उरले ४९ दिवस

या दिवशी तोच सल्ला उलटला. युक्रेनमध्ये हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधूनच नॉटपेट्या नावाचं संकट बाहेर पडलं. त्याने मर्स्क या जहाज कंपनीचे कॉम्प्युटर काही तासांत आडवे केले. मर्स्कचा एक टर्मिनल आपल्या जेएनपीटीत आहे. नवी मुंबईच्या त्या बंदरात गेटवे टर्मिनल्सचं काम थांबलं आणि कंटेनर खोळंबले. कीव्हमधल्या एका हिशेबी सॉफ्टवेअरचा अपडेट उरणच्या रस्त्यावर ट्रकांची रांग लावू शकतो, हे महाराष्ट्राने त्या दिवशी पाहिलं. त्यातून आपण काय घेतलं? बातम्यांत शब्द होता 'व्हायरस हल्ला'. विश्वासू कंपनीचा अधिकृत अपडेटच विष घेऊन आला, ही खरी बातमी आतल्या पानांवर राहिली.

लंडनमध्ये पिरिफॉर्मच्या आत बसलेल्यांचा बेत हाच होता. फरक एवढाच की त्यांना आरडाओरडा नको होता.

१८ जुलै, मंगळवार. उरले २८ दिवस

झेक देशातली अँटिव्हायरस कंपनी अवास्ट पिरिफॉर्म विकत घेते. सी-क्लीनरचे वापरकर्ते तेव्हा १३ कोटींच्या वर, त्यातले दीड कोटी अँड्रॉइडवर. घुसखोरांना शोधणं हाच जिचा धंदा, तिने घर विकत घेतलं आणि घरासोबत आत चार महिने राहणारे पाहुणेही. शेताच्या व्यवहारात आपला माणूस सातबारा काढतो, फेरफार पाहतो, वहिवाट कुणाची ते विचारतो. इथे ताबा कुणाचा आहे हे खरेदीच्या वेळी कुणाच्या लक्षात आलं नाही.

२४ जुलै, सोमवार. उरले २२ दिवस

इथून घटनाक्रमात आपला जिल्हा येतो.

श्रावणाचा पहिला दिवस आणि पहिला सोमवार. छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे, म्हणजे दीड लाखापर्यंतच्या कर्जमाफीचे, ऑनलाइन अर्ज या दिवशी सुरू झाले. मुदत १५ सप्टेंबर. बार्शीटाकळी, पातूर, बाळापूर, अकोट, मूर्तिजापूर, जिथे तिथे सेतूवर रांगा लागल्या. आधार क्रमांक, बँकेचं पासबुक, कर्जखात्याचा नंबर आणि अंगठा. म्हाताऱ्या बोटांच्या रेषा नांगराने पुसलेल्या, यंत्र अंगठा घेत नसे. "काका, हात पुसून पुन्हा ठेवा." "किती डाव ठेवू बाप्पा?" सर्व्हर कधी चालायचा, कधी नाही, आणि मग लोक रात्रीच येऊन बसायचे.

या रांगेच्या टोकाला कॉम्प्युटर होता, बहुतेकदा जुना, विंडोज ७ वर चालणारा. दिवसाला शेकडो पानं उघडणारं ते मशीन संध्याकाळपर्यंत थकायचं. मग दुकानदार त्यावर काय चालवायचा ते वर सांगितलंच आहे. पुढच्या यादीत अकोल्याचं अमुक मशीन होतं असं मी म्हणत नाही. पण पुढचे सात आठवडे वाचताना ही रांग आणि ते मशीन डोळ्यांसमोर ठेवायला हरकत नाही.

१५ ऑगस्ट, मंगळवार. शून्य

स्वातंत्र्यदिन आणि दहीहंडी एकाच दिवशी. सी-क्लीनरची ५.३३ आवृत्ती अधिकृत संकेतस्थळावर येते. तिच्यावर पिरिफॉर्मची खरी डिजिटल सही आहे, सिमँटेकने दिलेल्या प्रमाणपत्राची, ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालणारी. ३२-बिट विंडोजच्या प्रतीत मात्र प्रोग्रॅम सुरू होतानाच्या अगदी पहिल्या पायरीवर काही जादा ओळी आहेत.

योगायोग असा की याच दिवशी कॅस्परस्की या अँटिव्हायरस कंपनीने शॅडोपॅडची हकीकत जगाला सांगितली. नेटसारंग नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरमध्ये ते अधिकृत अपडेटच्या वाटेने शिरलं होतं. जगाला त्या हत्याराचं नाव कळलं त्या दिवशी तेच हत्यार पिरिफॉर्मच्या बिल्ड सर्व्हरवर चार महिन्यांचं मुरलेलं होतं.

त्याच दिवसापासून, कुठल्याही एका मशीनवर: सेकंद ० ते ६०१

सेकंद ०. कुणीतरी झाडूच्या चित्रावर दोनदा क्लिक करतं. विंडोज विचारतं, या प्रोग्रॅमला कॉम्प्युटरमध्ये बदल करू द्यायचे का? चौकटीत निळी पट्टी आणि प्रकाशकाचं नाव: पिरिफॉर्म लिमिटेड. 'येस'. हे कुणी वाचत नाही. वाचलं असतं तरी सगळं खरंच होतं.

सफाईच्या सॉफ्टवेअरचा हा मूळ पेच आहे. गाणी वाजवणाऱ्या प्रोग्रॅमला घरभर हिंडायचं कारण नसतं. सफाईवाल्याला प्रत्येक खोलीत जावंच लागतं, ब्राउझरच्या इतिहासात, रजिस्ट्रीत, इतरांनी ठेवलेल्या फाइलींत, आणि पुसायचा अधिकारही त्याच्याकडे लागतो. म्हणून सगळ्या किल्ल्या त्याला आपण आपल्या हाताने देतो, आणि अँटिव्हायरसने हटकलंच तर "तो आपलाच आहे" असं सांगून सोडायला लावतो.

सेकंद १ ते ६००. काहीही होत नाही. सफाई नेहमीसारखी चालते, जीबीचा आकडा वाढतो, दुकानदार चहाला जातो. जादा ओळी नुसत्या थांबलेल्या आहेत. ज्या पत्त्यावरून उत्तर येणारच नाही अशा एका पत्त्याला त्या हाक मारतात आणि ६०१ सेकंदांची मुदत घालून वाट पाहतात. कारण संशयित सॉफ्टवेअर तपासणारी स्वयंचलित यंत्रणा त्याला बंद खोलीत काही मिनिटं चालवून पाहते. त्या वेळात काही वावगं दिसलं नाही की पुढे जाऊ देते. इथे दहा मिनिटांहून एक सेकंद जास्त मोजला होता. त्या एका सेकंदात मला लिहिणाऱ्याचा थंडपणा दिसतो.

सेकंद ६०१. पहिला प्रश्न: हे खातं अॅडमिनचं आहे का? नसेल तर गुपचूप बंद. असेल तर काम सुरू. कॉम्प्युटरचं नाव, त्यावर बसवलेल्या सगळ्या सॉफ्टवेअरची यादी, त्या क्षणी चालू असलेल्या प्रोग्रॅमांची यादी, नेटवर्क कार्डांचे क्रमांक. हे सगळं गुंडाळून अमेरिकेतल्या एका सर्व्हरकडे जातं. पाकिटावर पत्ता मात्र पिरिफॉर्मचाच वाटावा असा लिहिलेला. वरवर पाहणाऱ्याला वाटेल, सी-क्लीनर आपल्या घरी बोलतोय.

पासवर्ड नाही, बँक खातं नाही, फोटो नाहीत. इतकंच? इतकंच. ही नुसती हजेरी होती. हजेरी पाहून वर बसलेला माणूस ठरवणार होता की कुणाकडे दुसरा माल पाठवायचा, आणि तो दुसरा माल काहीही असू शकत होता.

फुकटच्या सी-क्लीनरमध्ये आपोआप अपडेट व्हायची सोय नव्हती, प्रत्येकाने स्वतः जाऊन नवी प्रत उतरवायची. त्यामुळे जो आळशी होता, जुन्या पेनड्राइव्हमधली प्रतच वर्षभर चालवत होता, तो वाचला. ज्याने वेळच्या वेळी, अधिकृत संकेतस्थळावरून, सही असलेली नवी प्रत घेतली तो सापडला. सगळे नियम पाळणाराच फसावा असे प्रसंग या धंद्यात कमी असतात. म्हणून हा प्रसंग शिकवायलाही अवघड जातो.

२० आणि २१ ऑगस्ट

सोमवार २१ तारखेला श्रावणातला शेवटचा सोमवार आणि पोळा एकत्र आले होते. एकीकडे बैलांच्या शिंगांना रंग, दुसरीकडे राजराजेश्वराची ओढ. गांधीग्रामहून पूर्णेचं पाणी कावडीने आणून जलाभिषेक करायची अकोल्याची रीत याच शेवटच्या सोमवारची.

त्याच दोन दिवसांत मॉर्फिसेक या इस्रायली कंपनीच्या सॉफ्टवेअरने काही गिऱ्हाइकांच्या मशीनवर सी-क्लीनरला अडवलं. अडवलं आणि नोंद ठेवली. ती नोंद माणसाच्या डोळ्यांखाली यायला ११ सप्टेंबर उजाडला. एकीकडे यंत्राने तीन आठवडे आधी ओळखलेलं, दुसरीकडे सही पाहून सगळ्यांनी आत सोडलेलं.

२४ ऑगस्ट, गुरुवार

हरितालिका, दुसऱ्या दिवशी गणपती. सी-क्लीनर क्लाउड या कार्यालयांसाठीच्या भावंडाचीही बाधित आवृत्ती बाहेर पडते.

१० सप्टेंबर, रविवार

या सगळ्या हकीकतीतला एकमेव विनोद. जगभरातून येणाऱ्या हजेऱ्या साठवता साठवता चोरांच्या सर्व्हरची डिस्क भरली आणि त्यांचा डेटाबेस कोलमडला. डिस्क साफ करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या पाठीवर बसून आलेल्या लोकांना स्वतःची डिस्क साफ ठेवता आली नाही! १२ तारखेला त्यांनी नवा डेटाबेस मांडला. जुनी माहिती तिथून गेली, पण दुसऱ्या एका सर्व्हरवर तिची प्रत राहिली होती. ती प्रत पुढे महत्त्वाची ठरली.

१२ सप्टेंबर, मंगळवार, रात्री ९.०५

मॉर्फिसेकचा निरोप अवास्टला पोचतो: तुमच्या सी-क्लीनरमध्ये काहीतरी आहे. त्याच दिवशी ५.३४ आवृत्ती आली, ती स्वच्छ होती. शून्यापासून अठ्ठावीस दिवस झाले होते.

१३ सप्टेंबर

सिस्कोच्या टॅलोस गटाला हीच गोष्ट स्वतंत्रपणे सापडते. ते आपलं नवं पहारा-तंत्र गिऱ्हाइकांकडे तपासून पाहत होते आणि ते तंत्र सी-क्लीनरच्या इन्स्टॉलरवर ओरडायला लागलं. आधी कुणालाही वाटावं की नव्या तंत्रात खोट आहे. नामांकित सॉफ्टवेअर, अधिकृत संकेतस्थळ, खरी सही. तरी त्यांनी पाहिलं.

१४ सप्टेंबर, गुरुवार, संध्याकाळी ७.५५

सिस्कोचा निरोप अवास्टला मिळतो. अवास्टचं काम तोवर सुरू झालेलं होतं. सर्व्हर जागेवर धरायचा म्हणून पोलीस यंत्रणेबरोबर बोलणी चालू होती, म्हणून बाहेर चकार शब्द नाही. या गप्प बसण्याबद्दल नंतर नाराजी झाली. माझ्या मते ते बरोबर होतं. आधी बोभाटा झाला असता तर सर्व्हर पुसला गेला असता आणि पुढची सगळी माहिती कायमची हुकली असती.

१५ सप्टेंबर, शुक्रवार, रात्री १०.२०

सर्व्हर बंद केला जातो. तो बंद पडला तर जादा ओळी दर महिन्याला बदलणारा एक नवा पत्ता स्वतःच तयार करून तिकडे वळणार होत्या. ते पत्ते टॅलोसने आधीच आपल्या नावावर नोंदवून टाकले होते. दोन्ही वाटा बंद.

कर्जमाफीच्या अर्जांची मुदतही याच दिवसापर्यंत होती. ती २२ सप्टेंबरपर्यंत वाढली. रांगा तशाच राहिल्या.

१८ सप्टेंबर, सोमवार

जगाला कळतं. २२ लाख ७० हजार लोकांनी बाधित प्रत वापरल्याचं अवास्ट सांगते. त्यातली सुमारे ७ लाख ३० हजार मशीन अजूनही त्याच आवृत्तीवर आहेत. कंपनीचं म्हणणं: दुसरा माल कुणाकडेच पोचल्याचं दिसत नाही, नवी आवृत्ती घ्या, पुरेसं आहे. टॅलोसचं म्हणणं: १५ ऑगस्टच्या आधीच्या स्थितीला जा, नाहीतर विंडोज नव्याने टाका.

सल्ल्यातल्या या फरकामागे दोन वेगळ्या नजरा होत्या. गिऱ्हाईक सांभाळणाऱ्याला तेवीस लाख लोकांना 'फॉरमॅट मारा' म्हणणं परवडत नाही. ज्याने माल उघडून पाहिला त्याला 'काही झालं नाही' म्हणवत नाही. आणि हे लक्षात घ्या की 'दिसत नाही' या शब्दांखाली जो पुरावा होता तो फक्त शेवटच्या चार दिवसांचा होता. बाकीचा डिस्क भरल्यामुळे नव्या डेटाबेसात उरलाच नव्हता.

२० सप्टेंबर, बुधवार

दुसऱ्या दिवशी घटस्थापना. टॅलोस सर्व्हरवरच्या फाइली उघडून दाखवतो. त्या चारच दिवसांत सात लाखांवर मशीनने हजेरी लावली होती. वीसेक मशीनवर दुसरा माल गेला होता. आणि एक यादी होती, पाहिजे असलेल्या घरांची: सिस्को, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, गूगल, सॅमसंग, सोनी, व्हीएमवेअर, एचटीसी, डी-लिंक, एप्सन, अकामाई, व्होडाफोन, सिंगटेल. हजेरीपट चाळला तर ज्यांच्या नेटवर्कच्या नावात सरकारी खूण आहे अशी ५४० मशीन निघाली, आणि नावात 'बँक' असलेली ५१.

आता डाव उलगडतो. २२ लाख माणसं हा निशाणा नव्हताच, ती नुसती गर्दी होती. गर्दीतून मोजक्या कंपन्यांच्या आत पोचायचं होतं. त्या कंपन्या स्वतः असं सामान बनवतात ज्यावर पुन्हा कोट्यवधी लोक विश्वास ठेवतात: राउटर, प्रोसेसर, सर्व्हरची सॉफ्टवेअर. पिरिफॉर्ममध्ये जे केलं तेच एक पायरी वर चढून करायचं.

२५ सप्टेंबर, सोमवार

प्रतीच्या सर्व्हरवरची माहिती हाती आल्यावर पूर्ण हिशेब लागतो. हजेरी लावलेली मशीन: १६,४६,५३६. दुसरा माल पोचलेली: ४०. म्हणजे दर ४१ हजार मशीनमागे एक. तैवानच्या चुंगह्वा टेलिकॉममध्ये १३, जपानच्या एनईसीमध्ये १०, सॅमसंगमध्ये ५, आणि असूस, फुजित्सू, सोनी, इंटेल, व्हीएमवेअर वगैरेंकडे एकेक-दोन. त्या चाळीसांवर तिसरा माल, शॅडोपॅड, गेल्याचा पुरावा निघाला नाही. पिरिफॉर्मच्या आत ते होतं म्हणून तोच पुढचा टप्पा असावा असा तपास करणाऱ्यांचा निष्कर्ष. कॅस्परस्कीच्या अभ्यासकांना या कोडमध्ये चीनशी जोडल्या जाणाऱ्या एका जुन्या गटाच्या कोडशी साम्य दिसलं, आणि सर्व्हरचं घड्याळही चीनच्या वेळेला लावलेलं होतं. एवढ्यावरून खटला उभा राहत नाही, आणि घड्याळ तर कुणीही कुठलंही लावू शकतं.

मार्चमधली रिकामी खुर्ची आणि टीमव्ह्यूअर हे पुढच्या वर्षी कळलं, अवास्टनेच एप्रिल २०१८ मध्ये जाहीर सांगितलं तेव्हा. लपवून ठेवता आलं असतं. सांगितलं, हे त्यांच्या बाजूने लिहिलं पाहिजे.

त्यानंतर

जुलै २०१८ मध्ये सी-क्लीनरच्या ५.४५ आवृत्तीत वापरावर नजर ठेवणारी सोय अशी बसवली की ती सहज बंदच करता येईना. ओरड झाली, आवृत्ती मागे घेतली. इथे बाहेरचा कुणी नव्हता.

१४ मे २०१९ रोजी कुणीतरी पुन्हा अवास्टच्या जाळ्यात शिरायचा प्रयत्न केला. वाट होती एका तात्पुरत्या व्हीपीएन खात्याची, चुकून चालू राहिलेलं, दुसऱ्या पडताळणीशिवायचं. २३ सप्टेंबरला लक्षात आलं. या वेळी कंपनीने ते खातं मुद्दाम उघडं ठेवून घुसखोर काय करतो ते पाहिलं, सी-क्लीनरच्या नव्या आवृत्त्या थांबवल्या, जुन्या तपासल्या, नव्या सहीने अपडेट पाठवला आणि आधीचं प्रमाणपत्र रद्द केलं. निशाणा बहुधा पुन्हा सी-क्लीनरच असावा, असं त्यांनीच लिहिलं. दोन वर्षांत धडा घेतल्याचं इथे दिसतं.

आणि जानेवारी २०२० मध्ये उघड झालं की अवास्ट स्वतःच आपल्या अँटिव्हायरसमधून लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करून जंपशॉट या आपल्याच कंपनीमार्फत विकत होती. ३० जानेवारीला जंपशॉट बंद करण्यात आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने या प्रकरणात १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले आणि असा माहितीचा साठा जाहिरातींसाठी विकायला बंदी घातली. आयोगाच्या म्हणण्याप्रमाणे ही विक्री २०१४ पासून चालू होती. म्हणजे लंडनमध्ये ती खुर्ची रिकामी राहिली तेव्हा, प्रागहून पिरिफॉर्मची खरेदी झाली तेव्हा, आणि बाधित २२ लाखांना धीर दिला जात होता तेव्हाही.